वहिनींची मूठ

माझी प्रार्थना म्हणजे वाण्याकडची यादी, असं माझा थोरला भाऊ हसून म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. भिंगारच्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायचे. दिवसभर बेरजा-वजाबाक्यांत बुडालेलं डोकं संध्याकाळी देवापुढे बसलं तरी आपली सवय सोडत नसे. एक, अमकीचं आजारपण. दोन, शाळेच्या छपराची कौलं. तीन, चार, असं करत मी मागायचे आणि महिनाअखेर कोणतं मागणं पुरं झालं, कोणतं राहिलं, हे मनात ताडून बघायचे. ज्या वर्षी भाऊ तापाने पडला, त्या वर्षी त्याचं नाव अकरा दिवस माझ्या यादीत सगळ्यांत वर होतं. बाराव्या दिवशी तो गेला. त्यानंतरही मी रोज गुडघे टेकत होते, कारण न टेकून झोप येत नसे. पण पलीकडे कुणी ऐकत असेल, हा भरवसा आतल्या आत विझून गेला होता. हे मी कुणाला सांगितलं नाही. शाळेत, चर्चच्या मंडळीत, सगळीकडे मी पूर्वीइतकीच ठणठणीत दिसत होते.

भाऊ तिसगावच्या पुढे एका लहानशा गावात मास्तर होता. एकच मातीची खोली. आठवडाभर तिथे शाळा भरे आणि रविवारी त्याच शेणानं सारवलेल्या जमिनीवर उपासना होई. आम्ही लोक त्या वेळी चर्चला देऊळच म्हणायचो, तसं ते त्या गावातलं आमचं देऊळ. भाऊ गेल्यावर दुसरा मास्तर आला नाही, खोलीला कुलूप लागलं. तेव्हा मीच जाऊन वहिनींना आणि दोन्ही मुलांना भिंगारला घेऊन आले. शमू सोळाचा, रूथ चौदाची. मोटारीतून उतरताना वहिनींच्या सामानात एक ट्रंक होती, जातं होतं, आणि तोंडाला फडकं बांधलेलं एक काळपट गाडगं होतं. ते त्यांनी वाटभर मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. आत काय आहे म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "काई न्हाई वन्सं, देवाचं हाय."

त्या गावात बायांच्या हाताला पैसा लागत नसे. म्हणून दळायला बसताना ज्वारीची पहिली मूठ गाडग्यात टाकायची, सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि रविवारी ती साठलेली ज्वारी फडक्यात बांधून देवळात न्यायची, अशी तिथली रीत होती. पुढे एक मोठी पाटी ठेवलेली असे. प्रार्थना संपली की एकेक बाई उठून आपलं फडकं तिच्यात सोडायची. त्यातून कुणा म्हाताऱ्याचं पोट भरायचं, कधी वाटसरूचं, आणि पगार लांबला तर खुद्द मास्तरच्या घरचंही. भावाने मला हे कितीदा सांगितलं होतं. मी ऐकून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, मुठीचा काय हिशेब लागणार?

लढाईची वर्षं होती ती. भिंगारला लष्कराच्या गोदामात हात कमी पडत होते, त्यामुळे शमूला आठच दिवसांत पेट्या उचलायचं काम लागलं. रूथ शाळेतून आली की दारात बसून लष्करी सदऱ्यांना काजं-बटणं करायची, त्याचे तिला नगावर पैसे मिळायचे. दोन्ही मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पैसा पाहिला. पहिल्या पगाराला शमू काळा चष्मा घालून घरी आला. दिवेलागण झालेली, डोळ्यांवर काळोख, उंबऱ्याला पाय अडकून तो सरळ माझ्या पुढ्यात येऊन पडला. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. भाऊ गेल्यापासून मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी मात्र हसले नाही, मी शिकवायला बसले.

त्या वर्षांत भोकाचे पैसे निघाले होते. मी भिंतीत तीन खिळे ठोकले आणि तिन्हींना दोरे लावले. लाल दोरा घरचा, काळा दोरा उद्याचा, पांढरा दोरा देवाचा. पगार आला की मोड करून आणायची आणि पैसे दोऱ्यात ओवायचे, म्हणजे कुठे किती आहे ते डोळ्यांना दिसतं. दशांश कसा काढायचा तेही शिकवलं. रुपयाला सहा पैसे आणि वर एक पै. उरलेला पैचा पाचवा हिस्सा देव सोडून देईल, असं मी म्हटलं तेव्हा शमूने विचारलं, "तो सोडंल, आत्या, पन तुमी सोडाल का?" हे पोर बापावर गेलं होतं. रूथ मात्र माझ्यावर गेली होती. महिन्याभरात ती माझ्यापेक्षा चोख हिशेब करू लागली, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

वहिनींना मी पहिल्याच रविवारी आमच्या मंडळीत नेलं. लाकडी बाकं, रंगीत काचा, पेटीच्या सुरावर गाणारी शहरी माणसं. वहिनी बाकाच्या अगदी कडेला टेकल्या होत्या, जणू कुणी उठ म्हणेल. अर्पणाची पितळी थाळी फिरत आली. मी आणा टाकला. वहिनींनी कमरेचं फडकं काढलं, गाठ सोडली आणि ज्वारी थाळीत ओतली. नाण्यांवर दाणे उडाले, थाळी भरून फरशीवर सांडले, कुठवर घरंगळत गेले. मागच्या बाकावरच्या मुली खुसखुसल्या. थाळी धरणारे गृहस्थ भले होते, पण पुढे जावं की थांबावं हे त्यांना कळेना. मी खाली बसून दाणे वेचू लागले. माझे कान तापले होते. मला शरम वाटली होती, हे आज कबूल करते, आणि वहिनींनी ते ओळखलं. घरी येताना त्या एवढंच म्हणाल्या, "वन्सं, तुमचं देऊळ लई चांगलं हाय. पन तितं मला हात मोकळा करता येत न्हाई."

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. मी रागावले नाही, मी यादी केली. लष्करातल्या साहेबांच्या देवळात इंग्रजीत उपासना चालायची, ते बाहेरूनच पाहून आम्ही परतलो. गावापलीकडच्या एका मंडळीत त्यांना नेलं, तिथे उभं कधी राहायचं आणि बसायचं कधी याचा मेळ त्यांना लागेना. आणखी एकीकडे माणसं प्रेमाने बोलली, पण पुन्हा थाळीच. प्रत्येक ठिकाणानंतर मी त्या नावावर काट मारायचे. वहिनी मूठ मात्र काढत होत्या. नेऊन ओतायला जागा नव्हती तरी रोज दोन वेळा गाडग्यात ज्वारी पडत होती, आणि गाडगं भरत चाललं होतं.

ज्वारी रेशनची होती आणि ती पुरत नव्हती. एका संध्याकाळी रूथ शाळेची दगडी पाटी घेऊन माझ्यापुढे आली. तिने गणित मांडलं होतं. आठवड्याला दोन पायल्या ज्वारी, म्हणजे बत्तीस चिपटी. दशांश झाला तीन चिपटी आणि थोडं वर. आई मुठीमुठीने काढते ते चार चिपट्यांच्याही वर जातं. म्हणजे दर आठवड्याला जवळजवळ चिपटंभर ज्वारी देवाकडे जास्तीची जाते, आणि आपण शेवटच्या दिवशी उसनी आणतो. मी पाटी तपासली. बेरीज, भागाकार, सगळं बरोबर होतं. मी तिच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी वहिनी नदीवर गेल्या असताना त्या पोरीने गाडगं उतरवलं, मापाने मोजून पाच आठवड्यांची जास्तीची पाच चिपटी डब्यात परत ओतली, आणि फडकं पुन्हा नीट बांधून ठेवलं.

वहिनींना फडक्याच्या गाठीवरून कळलं. त्या कुणावरही ओरडल्या नाहीत. रूथने आपण होऊन सांगितलं, पाटी दाखवली, आत्याने तपासलंय म्हणाली. वहिनींनी त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मग म्हणाल्या, "आसंल बाई. तुमाला समजतं." त्या दिवसापासून त्यांनी मूठ काढली नाही. गाडगं कोपऱ्यात गेलं. दळणही रूथवर आलं, कारण वहिनी सकाळी उठून नुसत्याच भिंतीकडे बघत बसायच्या. जेवण कमी झालं, बोलणं तर त्याहून कमी. आणि नाताळला महिना उरला असताना एके दिवशी मला म्हणाल्या की नाताळ झाला की रूथला घेऊन त्या गावी परत जाणार. गावी कुलूपबंद खोलीशिवाय काही उरलं नव्हतं. रूथची सातवीची परीक्षा मार्चात होती, आणि ती पास झाली असती तर पुढे मास्तरीण झाली असती. मी समजावलं, मग चिडले. वहिनी म्हणाल्या, "तितं निदान मला म्हाईत हाय, देव कुटं बसायचा."

त्या रात्री माझी यादी होईना. एकच मागणं होतं आणि ते मागायलाही तोंड नव्हतं, कारण चूक माझी होती. पोरीला मी मोजायला शिकवलं होतं, कुठे थांबायचं ते शिकवलं नव्हतं. मी नुसतीच गुडघ्यांवर बसून राहिले.

शाळेतल्या एका शिपायाने मला पाथर्डीच्या सडकेकडच्या एका खेड्याचं नाव सांगितलं होतं. तिथे आपल्या लोकांची बरीच घरं आहेत, देऊळही आहे म्हणाला. मी त्याच्याकडून वाट कागदावर लिहून घेतली. सडकेने वडापर्यंत, वडापासून डावीकडे गाडीवाट, मग ओढा, ओढ्यापलीकडे तिसरं शेत. नाताळच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही चौघं उजाडायच्या सुमाराला निघालो. वहिनी केवळ माझं मन मोडायला नको म्हणून आल्या. माझ्या हातात कागद होता, आणि कागद असला की मला धीर येतो.

सडक सोडली आणि धुकं आलं. तसं धुकं मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही. आधी चांदबिबीच्या महालाचा डोंगर गेला, मग झाडं गेली, मग वाटेच्या दोन्ही बाजूंची बाभळीची कुंपणंही गेली, आणि चार माणसं कापसात ठेवल्यासारखी आम्ही चालत राहिलो. पावलांचा आवाजही लांबून आल्यासारखा वाटायचा. ओढा लागला, पण पुन्हा लागला, आणि तिसऱ्यांदाही लागला. तिसरं शेत मोजायला मला एकही शेत दिसत नव्हतं. कागद दवाने भिजून शाई उतरली. मी थांबले आणि म्हटलं, वाट चुकली. हे शब्द माझ्या तोंडून मुलांनी कधी ऐकले नव्हते. शमूने काळा चष्मा खिशातून काढून पुन्हा आत ठेवला. वहिनी मात्र त्या पांढऱ्या पोकळीत शांत उभ्या होत्या. मला आठवतं, त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता, जणू हरवण्यात त्यांना काहीच नवं नव्हतं.

तेवढ्यात ऐकू आलं. तुंय्. थोडं थांबून पुन्हा, तुंय्, तुंय्. पिंजाऱ्याची तार. लहानपणी थंडीच्या दिवसांत गल्लीत हा आवाज आला की आई जुनी गादी काढायची. आम्ही आवाजामागे गेलो. धुक्यात एक पाठमोरा माणूस दिसला, खांद्यावर ती मोठी धनुकली, डोक्याला मफलर. चालता चालता तो बोटाने तार छेडत होता. मी हाक मारली आणि गावाचं नाव घेऊन विचारलं, वाट हीच का? त्याने वळून आम्हा चौघांकडे पाहिलं, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला, आणि म्हणाला, "या बाई, माझ्या मागनं या."

किती चाललो ते सांगता येणार नाही. मी मोजलं नाही, एवढं मात्र नक्की. पुढे ती तार वाजत होती, मागे आम्ही, आणि माझ्या मनात कुठलाही विचार नव्हता. भाऊ गेल्यापासून माझ्या मनाला इतका विसावा मिळाला नव्हता. मग उजव्या हाताला लोखंडावर लोखंड वाजलं. पिंजारी थबकला आणि तिकडे वळला. धुकं पिवळसर होऊ लागलं होतं. एक कडुलिंब दिसला, त्याला घंटा म्हणून टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तो वाजवणारा एक म्हातारा, आणि त्यामागे एक लांबट मातीची खोली. बायाबापड्या आत चालल्या होत्या. त्यांच्या काखेत फडक्याच्या गाठी होत्या.

ते आम्ही शोधत होतो ते गाव नव्हतंच. माझ्या कोणत्याच यादीत त्या गावाचं नाव नव्हतं.

आत जमीन सारवलेली होती आणि पुढे पाटी ठेवलेली होती. वहिनी दारातच थांबल्या. मग आत जाऊन बायांच्या मधोमध अशा बसल्या की जणू कालच उठून गेल्या होत्या. गाणं सुरू झालं, आणि त्यांचा आवाज मी ऐकला, किनरा, सुरात थोडा मागे राहणारा. प्रार्थना संपल्यावर बाया एकेक उठल्या. ज्वारी पाटीत पडताना पावसाच्या पहिल्या सरीसारखा आवाज होत होता. वहिनींचे हात रिकामे होते. त्या मान खाली घालून बसल्या, आणि मला वाटलं, संपलं. मी एवढं चालवून त्यांना इथे आणलं ते रिकाम्या हाताने बसवायला.

तेव्हा रूथ सरकत त्यांच्याजवळ गेली. तिने परकराच्या ओच्यातून एक गाठ काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली. वहिनींनी गाठ चाचपली, उघडली. ज्वारी होती, बरीच होती. महिनाभर ती पोर दळायला बसली की आपल्या वाटणीची मूठ काढून ठेवत होती आणि ताटावर शेवटची भाकरी नको म्हणून उठत होती. परीक्षेच्या काळजीने भूक गेली असेल, असं मी समजत होते. आम्हा दोघींच्या मध्ये बसलेल्या त्या मुलीला मी हळूच विचारलं, सवयीने, दुसरं काय, की किती आहे ही?

रूथ म्हणाली, "मोजली न्हाई, आत्या."

वहिनी उठल्या. पाटीजवळ जाऊन त्यांनी फडकं सोडलं, आणि तिथेच गुडघ्यांवर बसून रडल्या. भावाच्या मरणानंतर त्या कधी रडल्या नव्हत्या. त्यांना कुणी उठवलं नाही. एक म्हातारी बाई शेजारी जाऊन बसली, इतकंच. मग पुरुषांतून शमू उठला आणि खिशातून देवाच्या पैशांचा तो पांढरा दोरा काढून पाटीत ठेवला. आमच्या देवळात ज्वारी नाण्यांवर सांडली होती. इथे पैसे ज्वारीवर पडले, आणि कुणी हसलं नाही. मीही रडत होते. काय मागावं ते मला सुचत नव्हतं आणि मागायचं काही उरलंही नव्हतं.

वहिनी गावी गेल्या नाहीत. दर रविवारी दोन कोस चालत त्याच देवळात जायच्या, पुढे शमूने सायकल घेतल्यावर मागे बसून जायच्या, घट्ट डोळे मिटून. रूथ सातवी पास झाली. मी माझ्या मंडळीतच राहिले, आणि त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

पुढच्या थंडीत आमच्या गल्लीत तार वाजली. मी धावतच बाहेर गेले. तोच मफलर. वहिनींनी गादी उसवून त्याच्यापुढे टाकली आणि मी त्याला त्या सकाळची आठवण दिली. म्हटलं, तुम्ही आम्हाला नेलंत म्हणून पोचलो. तो धनुकली बाजूला ठेवून हसू लागला.

"त्या दिशी मीच वाट चुकलो हुतो, बाई. कुनी वळखीचं ऐकंल म्हनून तार वाजवत हुतो. मग तुमी मागं आला. म्हनलं, बायामानसं माझ्या भरवशावर हायेत, आता थांबून कसं चालंल? म्हनून चालत राह्यलो. रूळ वाजला तवा माज्या जिवात जीव आला."

तो कापूस पिंजू लागला. मी पायरीवर बसून राहिले. अंगणभर पांढरं पांढरं उडत होतं आणि त्याच्या मधून मला भावाचा चेहरा दिसत होता, यादीवरून चिडवताना असायचा तसा. कुणी ऐकत होतं का, हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही, आणि तशी इच्छाही नाही. ज्याला स्वतःला वाट माहीत नव्हती त्याच्या मागून आम्हाला घरी नेलं गेलं, याबद्दल मी त्या दिवसापासून रोज उपकार मानते. यादी मी अजून करते, खोड जात नाही. महिनाअखेर ताडून बघायचं मात्र सोडलं.

त्या संध्याकाळी वहिनी दळायला बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, आज मी काढू का? त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं. मी मूठ भरली आणि नकळत, किती आली ते बघायला, बोटं उघडू लागले. वहिनींनी आपला हात माझ्या मुठीवर ठेवून ती मिटवली.

"बगू नका, वन्सं. टाका."

मी टाकली.